बे एरिया घरगुती बिअर ब्रुइंग : मॉल्टची एकत्र खरेदी, चाळीस पोती, नावं द्या

गोणीवाला (फ्रीमाँट) | ३ ऑगस्ट, रात्री ९:५०

मंडळी, मागच्या खरेदीनंतर "पुन्हा म्हणून या भानगडीत पडणार नाही" असं मीच इथे लिहिलं होतं. ते प्रतिसाद कृपया कोणी उकरून काढू नयेत.

झालंय असं, की ओकलंडकडच्या एका छोट्या ब्रुअरीचा मालक आपल्या निशिगंधाच्या ओळखीचा निघाला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांची मॉल्टची, म्हणजे बिअरच्या धान्याची, गाडी येते. त्यातच आपलं एक पॅलेट टाकून घ्यायला ते तयार आहेत. त्यांच्याकडे डॉक आहे, फोर्कलिफ्ट आहे, आपण फक्त वाहतुकीचा वाटा द्यायचा. मागच्या वेळी माझ्या उतरत्या ड्राइव्हवेवर मागची लिफ्ट नसलेला ट्रक येऊन उभा राहिला होता आणि चाळीस पोती आम्ही तिघांनी हाताने उतरवली होती. माझी कंबर अजून त्या दिवसाची आठवण काढते.

पॅलेट म्हणजे चाळीस पोती. अमेरिकन मॉल्टचं पोतं ५० पौंडांचं. इंग्लिश आणि जर्मन पोतं ५५ पौंडांचं, म्हणजे सरळ २५ किलो. पाच गॅलनच्या बॅचला १० ते १२ पौंड धान्य जातं, तेव्हा एका पोत्यात चार-पाच बॅच धरा. महिन्याला एकदा भट्टी लावणाऱ्याला दोन-तीन पोती वर्षभर पुरतात. दुकानात सुटं घेतलं की पौंडाला दोन डॉलरच्या आसपास पडतं, पोत्याने घेतलं की निम्म्याच्या आत.

बेस मॉल्ट, म्हणजे बिअरचं मुख्य धान्य (टू-रो, पिल्स्नर, मॅरिस ऑटर, म्युनिक, गहू) पूर्ण पोत्यानेच मिळेल. रंग-चवीपुरतं लागणारं भाजकं धान्य (क्रिस्टल, चॉकलेट मॉल्ट, रोस्टेड बार्ली) यांची पोती मात्र फोडून वाटू : ५० पौंडांचे पाच-पाच पौंडांचे दहा वाटे. दहाच्या दहा वाटे भरले तरच ते पोतं मागवायचं. नऊ भरले तर नाही.

पैसे आधी. २० ऑगस्टच्या रात्री मागणीचा तक्ता बंद. "लिहून ठेव रे, नंतर देतो" हे चालणार नाही. का ते जुन्या लोकांना माहीत आहे.

---

टेकडी | ३ ऑगस्ट, रात्री १०:०२

टू-रो ४. पैसे पाठवले.

---

बार्लीबुवा (सॅन होजे) | ३ ऑगस्ट, रात्री ११:१५

मॅरिस ऑटर ३ पोती माझी. आणि बाकीच्यांनीही निदान एक तरी घ्या अशी कळकळीची विनंती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : केंब्रिजजवळ ट्रम्पिंग्टनला पीक-पैदास संस्था होती, तिथे १९६० च्या दशकात सातूचं हे वाण निघालं. संस्था ज्या मॅरिस लेनवर होती, तिचंच नाव वाणाला मिळालं. शेतकऱ्याला एकरी उतारा कमी पडतो म्हणून मध्यंतरी जवळजवळ मोडीत निघालं होतं. टिकलं ते चवीवर जीव टाकणाऱ्या ब्रुअरांमुळे. आपल्याकडच्या आंबेमोहोराचीच गोष्ट. पीक कमी, भाव जास्त, पण भात शिजला की शेजाऱ्याला कळतं. कोलम खाऊनही पोट भरतं, मी नाही कुठे म्हणतो!

---

मिसळ_आणि_हॉप्स (सनीव्हेल) | ४ ऑगस्ट, सकाळी ७:४०

नमस्कार, मी अगदी नवा आहे. आतापर्यंत किटमधल्या काकवीसारख्या पाकापासून चार बॅच केल्या, आता धान्यापासून करायचंय. अडाणी प्रश्न आहेत, हसू नका.

१. मॉल्ट म्हणजे नेमकं काय? बार्ली म्हणजे आपले सातू ना? मग इंडियन स्टोअरमधले सातू आणले तर?
२. मी अपार्टमेंटमध्ये राहतो, गॅरेज नाही. पूर्ण पोतं ठेवू कुठे?
३. आईने घरघंटी पाठवली आहे. तिच्यावर दळलं तर चालेल?
४. तक्त्यात "राय" आहे. ती मोहरी का?

---

निशिगंधा_एस (अलामीडा) | ४ ऑगस्ट, दुपारी १२:३०

चौथ्या प्रश्नाला नाही म्हटलं तरी हसलेच. राय हे वेगळं धान्य, मोहरीला म्हणतो ती राई नव्हे. आणि गोणीवाल्यांसमोर त्या धान्याचं नाव काढू नका.

पहिला प्रश्न अडाणी अजिबात नाही. मटकीला मोड आणता तसेच सातूला आणायचे. मोड फुटताना दाण्याच्या आत एन्झाइम तयार होतात, पिठूळ गर मऊ पडतो. कोंब दाण्याच्या लांबीला येत आला की तिथेच थांबवायचं आणि भट्टीच्या गरम हवेत सुकवायचं. हा झाला मॉल्ट. घरी नाचणीचं सत्त्व करताना आजी हेच करायची, फक्त पुढे ते दुधात जायचं. दुकानातल्या सातूंना मोड आलेले नसतात, बहुतेक वेळा टरफलही काढलेलं असतं. कोमट पाण्यात ठेवलेत तर लापशी होईल, साखर सुटणार नाही.

कधी वेळ काढून अलामीडाला या. इथे जुन्या नौदल तळावर अ‍ॅडमिरल मॉल्टिंग्ज आहे, २०१७ पासून. तिथे जमिनीवर सातू पसरून जुन्या पद्धतीने मोड आणतात, फावड्या-दाताळ्याने खालीवर करतात. शेजारीच त्यांचा पब आहे, त्याच्या खिडकीतून ती जमीन दिसते. खळ्यावर आल्यासारखं वाटतं.

तिसरा : घरघंटीचा मोह आवरा. दाणा फुटला पाहिजे पण टरफल शक्यतो अखंड राहिलं पाहिजे, कारण गरम पाण्यात उतरलेला गोड रस गाळताना त्या टरफलांचाच थर गाळणीचं काम करतो. पीठ केलंत तर खाली खळ धरते, नळ उघडला तरी थेंब येत नाही, आणि चिंधड्या झालेल्या टरफलांचा तुरटपणा उतरायची भीती वेगळीच. पिशवीत धान्य घालून करणार असाल तर बारीक भरड चालते, तरी पीठ नकोच. दोन रुळांची मिल माझ्याकडे आहे, ड्रिल लावून चालते. पोतं घेऊन या, फट क्रेडिट कार्डापेक्षा किंचित जास्त ठेवते मी. पण सगळं एकदम भरडू नका. अख्खा मॉल्ट कोरड्या जागी वर्षभर राहतो, भरडलेला काही आठवड्यांतच उतरायला लागतो.

---

गोणीवाला | ४ ऑगस्ट, दुपारी १:०५

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. पाच गॅलनच्या बादलीत साधारण २५ पौंड मावतात, म्हणजे एका पोत्याला दोन बादल्या. फिरवून बसणारं रबरी कड्याचं झाकण घ्या, पलंगाखाली नाही तर कपाटात. तरी जास्त वाटलं तर इथेच जोडीदार शोधा आणि एक पोतं दोघांत घ्या. तक्त्यात मात्र नाव एकाचंच लागेल, पैसे तोच देणार. तुमची आपसातली वाटणी तुमच्या घरी.

---

कोथरूडकर_काका (पुणे) | ५ ऑगस्ट, सकाळी ६:१५

वाचून मजा वाटली. निवृत्त झालोय, वेळ भरपूर आहे. इथे सोसायटीत दरवर्षी आम्ही गहू असाच एकत्र घेतो, सिहोर. हे तुमचं इकडे करता येईल का?

---

निशिगंधा_एस | ५ ऑगस्ट, सकाळी ९:२०

काका, गहू खुशाल घ्या, बिअर नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्यात घरची बिअरही आली. पुण्यात मायक्रोब्रुअऱ्या आहेत, दूलाली तर २००९ मध्येच निघाली. त्या परवाना घेऊन चालतात. तिथे ताजी प्या.

इथेही हे फार जुनं नाही. घरच्या बिअरला फेडरल मोकळीक देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून तो लागू झाला. एकच प्रौढ असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००. विकायची नाही. मिसिसिपी आणि अलाबामाने तर २०१३ साल उजाडू दिलं.

---

कोथरूडकर_काका | ५ ऑगस्ट, सकाळी ९:४४

बरं. मग आम्ही आपले ताकावर.

---

अनूमावशी (सॅन रमोन) | ६ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३०

मुलगा हे उद्योग करतो, मी नुसती वाचते. पण धान्याचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. लातूरला आमच्याकडे वर्षाचं धान्य भरायचे. गहू दोन दिवस कडक उन्हात, मग एरंडेलाचा हात, कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला. तांदळाला बोरिक. सोंडे काय, जाळी काय, काही म्हणून व्हायचं नाही. माझ्या मुलाच्या त्या बादलीत मागच्या उन्हाळ्यात टोके झाले होते, मी म्हटलं होतं त्याला, ऐकेल तर शपथ.

---

निशिगंधा_एस | ६ ऑगस्ट, रात्री ८:१०

मावशी, तुमचं सगळं गव्हाला लागू, पण यात एकेक अडचण आहे. एरंडेल लावलं तर बिअरचा फेसच बसतो. तेल हा फेसाचा वैरी, ग्लासला साधा तेलाचा हात लागला तरी कळतं. बोरिक तर नकोच, कारण तांदूळ आपण धुऊन घेतो, मॉल्ट धुता येत नाही, भरडून थेट पाण्यात जातो. ऊनही नको. मॉल्टमध्ये ओलावा जेमतेम चार-पाच टक्के असतो. उघड्यावर पसरला की हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि सादळतो. सादळला की नाही ते बघायचं तर दाणा दाताखाली धरायचा. कुर्रकन फुटला तर ठीक, चिवट लागला तर गेला.

कडुनिंबाचा पाला मात्र पुरचुंडीत बांधून झाकणाला चिकटवायला माझी ना नाही. मी स्वतः काय करते, तर आणल्याबरोबर भागाभागाने फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवते. दाण्याच्या पोटात अंडी असतील तर तिथेच संपतात. बाहेर काढल्यावर बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, लगेच उघडलं तर बाष्प धरतं. आणि सॅन रमोनच्या गॅरेजमध्ये उन्हाळ्यात काय उकाडा असतो, ते तुम्हाला मी काय सांगू. घरात ठेवायला सांगा मुलाला.

---

अनूमावशी | ६ ऑगस्ट, रात्री ८:४०

फ्रीझरमध्ये माझ्या पुरणपोळ्या आहेत. बघते.

---

बार्लीबुवा | ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

तक्ता बघितला. क्रिस्टल दहापैकी दहा, चॉकलेट दहापैकी दहा, रोस्टेड बार्ली दहापैकी सहा! लोकहो, थंडी येतेय, स्टाउट, म्हणजे काळी बिअर, करणार कशाची? गोणीवालेसाहेब, सहा तर सहा, मागवून टाका की. उरलेले चार वाटे कोणी ना कोणी उचलेलच.

---

गोणीवाला | ११ ऑगस्ट, रात्री १०:५५

"कोणी ना कोणी" म्हणजे मी.

नवीन लोकांसाठी आता सांगूनच टाकतो. दोन वर्षांपूर्वी एका सभासदाने राय मॉल्टची तीन पोती लिहिली. नाव घेत नाही, ते आता इथे येतही नाहीत. पैसे "उचलताना देतो". मी भरवशावर भरले. ठरलेल्या शनिवारी फोन लागेना. पुढच्या शनिवारी "गावाला आलोय". दीडशे पौंड राय माझ्या गॅरेजमध्ये उन्हाळाभर पडून. हे धान्य असं, की बॅचमध्ये फार तर पाचवा हिस्सा घालावं, त्यालाही टरफल नाही, आणि रस असा बुळबुळीत की गाळता गाळता रात्र व्हावी. फुकट देतो म्हटलं तरी कोणी नेईना. सप्टेंबरात एका पोत्यावर हात ठेवला तर आतून बारीक सरसर ऐकू आली. आधी वाटलं भास आहे. मग शिवण उघडली.

बायको तेव्हा एवढंच म्हणाली, "एवढ्या पैशात पाहुण्यांना चांगली बिअर पाजली असतीस."

म्हणून दहा म्हणजे दहा. रोस्टेड बार्ली एका स्टाउटला पौंडभर लागते. कोणा एकाकडे वीस पौंड राहिली तर त्याचं पोर कॉलेजात जाईपर्यंत पुरेल.

---

टेकडी | ११ ऑगस्ट, रात्री ११:०१

रोस्टेड १.

---

मिसळ_आणि_हॉप्स | १२ ऑगस्ट, सकाळी ८:००

मी एक घेतो. आणि वरच्या चर्चेमुळे मॅरिस ऑटरही एक लिहिलंय, आंबेमोहोराचं नाव काढल्यावर काय करणार. अजून एक विचारायचं होतं : हलक्या उन्हाळी बिअरसाठी इथले लोक फ्लेक्ड राइस वापरतात. ते पोहेच ना?

---

निशिगंधा_एस | १२ ऑगस्ट, सकाळी १०:१५

पोहेच. भात भिजवून, भाजून, चेपलेला असतो, त्यामुळे त्यातला स्टार्च आधीच शिजल्यासारखा. वेगळं शिजवायची भानगड नाही, सरळ मॉल्टबरोबर पाण्यात. जाडे घ्या, पातळ्यांचा लगदा फार होतो. एकूण धान्याच्या दहा ते वीस टक्के. पोह्यांत स्वतःची एन्झाइम नसतात, ती टू-रोच्या जिवावर. मसाला पोह्यांचं पाकीट उचलू नका म्हणजे झालं (हे घडलेलं आहे, कोणाकडे ते सांगणार नाही).

रोस्टेडचे दोन वाटे मीही घेते, एक माझा, एक शेजारच्या अमेरिकन जोडप्याचा. त्यांचे पैसे मी भरते. झाले दहा.

---

बार्लीबुवा | १२ ऑगस्ट, सकाळी १०:२२

जय हो.

---

गोणीवाला | २० ऑगस्ट, रात्री ११:५९

तक्ता बंद. टू-रो २२, मॅरिस ऑटर ८, जर्मन पिल्स्नर ४, म्युनिक २, गहू १, आणि फोडायची ३. चाळीस बरोबर. वजन २०७५ पौंड, म्हणजे ९४० किलो. आमचे आजोबा वीस मणांची खंडी म्हणायचे, आपण त्याहून जास्त उचलतोय.

गव्हाचं पोतं घेणाऱ्याने भाताच्या तुसांचीही सोय बघावी. गव्हाला टरफल नसतं, मूठभर तुसं टाकल्याशिवाय रस उतरणार नाही.

मिळालेले पैसे आणि मागणी यांत पाच डॉलरचा फरक येतोय. कोणीतरी जास्त पाठवलेत. आपापलं तपासा.

---

टेकडी | २१ ऑगस्ट, सकाळी ६:३०

मी. कॉफीचे समजा.

---

बार्लीबुवा | २ सप्टेंबर, रात्री ९:१५

साउथ बेची सोळा पोती मी एकाच खेपेत आणतो. कॅमरी आहे, मागची सीट पाडली की होईल.

---

गोणीवाला | २ सप्टेंबर, रात्री ९:३०

होणार नाही. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर स्टिकर आहे. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते पौंडांत लिहिलेलं असतं. सोळा पोती म्हणजे आठशेच्या वर, वर तुम्ही. आकडा वाचा आणि इथे लिहा.

---

बार्लीबुवा | २ सप्टेंबर, रात्री ९:५२

दोन खेपा करतो.

---

निशिगंधा_एस | ७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४०

आजचा वृत्तांत. जे आले नाहीत त्यांच्यासाठी, आणि जे लवकर पळाले त्यांच्यासाठी तर खासच.

पोती वेळेवर आली, लॉटचे नंबर तक्त्याशी जुळवून घेतले. पूर्ण पोत्यांचं काम अर्ध्या तासात उरकलं. खरा खेळ पुढे, फोडायच्या पोत्यांचा. पोत्याच्या शिवणीचं योग्य टोक सापडलं तर दोरा एका ओढीत सर्रकन निघतो. चुकीचं टोक धरलं की गाठ बसते आणि मग कात्री. बार्लीबुवांनी तिन्ही वेळा चुकीचं टोक धरलं.

क्रिस्टल आधी घेतलं. रांगेत बादल्या, पार्सलचा काटा, पाच-पाच पौंड. दहाही वाटे झाले आणि पोत्यात अजून धान्य शिल्लक! मंडळी खूश. "बघा, मॉल्टवाल्याने उधळ माप दिलंय." मी म्हटलं, कारखान्याचं पोतं आहे ते, पायलीने मापलेलं नाही. उरलेलं तोललं तर बरोबर सहा पौंड. मग डोक्यात उजेड पडला : पहिल्या तीन बादल्यांना काटा शून्यावर आणलाच नव्हता. रिकामी बादली दोन पौंडांची. म्हणजे पहिल्या तिघांना पाचाऐवजी तीनच पौंड गेलं. तीन दुणे सहा.

मापात पाप झालं खरं, पण हिशेब जुळला याचाच मला जास्त आनंद. त्या तिघांपैकी टेकडी तिथेच होते, त्यांचे दोन पौंड दिले. बाकी दोघे निघून गेले होते, त्यांचे दोन-दोन पौंड नाव घालून माझ्याकडे ठेवलेत. चॉकलेट आणि रोस्टेडला मात्र मी काट्याजवळून हललेच नाही. रोस्टेड सांडली तिथे मालकाच्या डॉकवर कॉफीसारखा काळा भुगा झाला, तो झाडून दिला.

---

मिसळ_आणि_हॉप्स | ७ सप्टेंबर, रात्री ८:०५

त्या दोघांपैकी एक मी! घरी येऊन तोललं तर तीनच भरलं, म्हटलं नवीन म्हणून गंडवला की काय. उद्या येतो, पोतंही भरडून घेतो.

---

अनूमावशी | १५ सप्टेंबर, सकाळी ११:००

मुलाने काल बिअर केली. उरलेला चोथा फेकायला निघाला होता, मी अडवलं. थोडा वाळवून, दळून भाजणीत मिसळला आणि थालीपीठं लावली. चव खरपूस आली पण तुसं घशाला टोचली. चाळून घ्यायला हवं होतं का? आणि आमच्या कुत्र्याला दिलं तर चालेल?

---

निशिगंधा_एस | १५ सप्टेंबर, दुपारी १:१०

मावशी, बारीक चाळणीने दोनदा चाळा आणि भाजणीत पावपटच घाला. कुत्र्याला साधा चोथा थोडासा चालतो, पण हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) चुकूनही नको, कुत्र्यांना ते विषारी असतात. हॉप्स पडलेला उकळीच्या भांड्यातला गाळ तर त्याच्या वाऱ्यालाही ठेवू नका.

---

गोणीवाला | १६ सप्टेंबर, रात्री १०:१०

हिशेब तक्त्यात टाकला आहे, वाहतूक धरून पोत्यामागे ठरलेल्याच रकमेत बसलं, कोणाचं देणं-घेणं नाही. टेकडीच्या पाच डॉलरची खरंच कॉफी झाली.

माझ्या गाडीत नारिंगी रंगाचं बादलीचं झाकण सापडलंय, रबरी कड्यासकट. कोणाचं?

---

बार्लीबुवा | १६ सप्टेंबर, रात्री १०:१८

माझं. आठवडाभर बादलीवर ताट झाकून ठेवलंय. शनिवारी येतो.